भिंतीवरची माणसे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात एक दिवस असा उजाडतो, की त्या दिवशी माझी किंमत घरातल्या स्टुलाएवढीच उरते. सौभाग्यवती डोक्याला फडके गुंडाळतात, हातात केरसुणी घेतात आणि मला फर्मान सुटते, "अहो, तसबिरी उतरवा!" तसबिरी उतरवण्याचे हे खाते माझ्याकडे वडिलांकडून आले आहे. त्यांच्या वेळी स्टूल मी धरत असे. आता मी वर चढतो आणि स्टूल नातू धरतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्टुलावर चढू नये असे डॉक्टर बजावतात. पण डॉक्टरांना आमच्या घरातली माणसे ठाऊक नाहीत. भिंतीवरचीही नाहीत आणि भिंतीखालचीही नाहीत.

तसबिरी उतरल्या की मागे चौकोन उरतात. भिंतीचा रंग सगळीकडे उडालेला, पण त्या चौकोनांत मात्र तो कालच दिल्यासारखा ताजा. मोठा चौकोन आजोबांचा, त्याच्या शेजारचा विठोबाचा, आणि माजघराच्या दाराजवळचा वीतभर लांबीरुंदीचा, जरासा तिरका चौकोन आत्याचा. जन्मभर ती माजघराच्या दाराशीच उभी असे. तसबीरही तिथेच लागली.

यंदा नेमकी तिचीच सुतळी तुटली. तसबीर मी कशीबशी छातीशी धरली आणि मी स्वतः नातवाच्या खांद्यावर आलो. काच शाबूत राहिली. मागचा पुठ्ठा मात्र कसरीने खाऊन चाळणी केला होता. दुरुस्तीसाठी म्हणून ती टेबलावर ठेवली, आणि संपादकांना द्यायचा हा लेख तिथेच तिच्या शेजारी बसून लिहितो आहे.

ही आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. १९३२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन सोलापुरात भावाच्या बिऱ्हाडी परत आली, ती १९७१ साली इथूनच गेली. मधल्या काळात तिने आम्हां भावंडांना वाढवले. गिरणीचा पहाटेचा भोंगा होण्याआधी तिची चूल पेटलेली असे. शेंगांची चटणी तिनेच कुटायची, लोकरीच्या टोप्या तिनेच विणायच्या, आमची दुखणी तिनेच काढायची. फक्त घरात काही शुभकार्य निघाले, की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. तिला कुणी 'येऊ नकोस' म्हणत नव्हते. आणि 'ये' असेही कुणी म्हणत नव्हते.

१९६२ साली माझी मुंज झाली. त्या निमित्ताने फोटोग्राफर बोलावला होता. तिपाई, काळे कापड, बरोबर एक पोऱ्या, असा सरंजाम घेऊन तो अंगणात उतरला. खुर्च्या मांडल्या, पुढे सतरंजीवर मुले, मधे वडीलधारी मंडळी, मागे उभ्या बायका. सगळे जुळून आले, पण माझा धाकटा भाऊ तेव्हा दहा महिन्यांचा होता, तो काही केल्या कुणाच्या मांडीवर ठरेना. आईकडे रडला, काकूकडे रडला. फोटोग्राफर वैतागला. शेवटी कुणीतरी हाक मारली आणि आत्या हात पुसत बाहेर आली. तिने त्याला कडेवर घेतले आणि ओळीच्या अगदी टोकाला उभी राहिली. मूल गप्प झाले. फोटो निघाला. आत्याचा आयुष्यातला हा एकुलता एक फोटो. मूल रडले नसते तर तोही निघाला नसता.

ती गेल्यावर वडिलांनी तो ग्रूप फोटो एका स्टुडिओत नेऊन दिला आणि तिच्या एकटीच्या चेहऱ्याचे एन्लार्जमेंट करून, रंगवून द्यायला सांगितले. स्टुडिओचे नाव सांगत नाही. काम करणारा माणूस गरीब होता आणि त्याने जे केले ते सवयीने केले. फोटोचा फोटो काढायचा, मग त्या नव्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बोट हलके ठेवून सुरकुत्या बुजवायच्या, असे तेव्हाचे तंत्र होते. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची काळी रेघ तिथे पारदर्शक दिसते. तिथे शिशाचे ठिपके भरले की छापताना तेवढा उजेड अडतो आणि कागदावर कातडी नितळ उमटते. पुढे छापलेल्या फोटोवर कापसाच्या बोळ्याने गालांना लाली, ओठांना लाली, साडीला रंग. आठवडाभराने वडील तसबीर घेऊन आले आणि कागद सोडला, तो आई आणि ते दोघेही गप्प झाले. आत्याच्या कडेवरचे मूल नाहीसे झाले होते. ज्या हाताने त्याला धरले होते त्या हातावर पदर रंगवला होता. आणि कपाळावर, ठसठशीत, रुपयाएवढे कुंकू होते.

त्या माणसाने हजार बायकांच्या तसबिरी रंगवल्या असतील. बाईच्या कपाळावर कुंकू राहून गेलेले दिसले, की तो भरून टाकत असेल, एवढेच.

वडील चिडले. तसबीर तशीच उचलून परत न्यायला निघाले. तेव्हा आई, जी त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती, दारात उभी राहून म्हणाली, "चाळीस वर्षं त्यांचं कपाळ तुम्ही सगळ्यांनी रिकामं ठेवलंत. आता तसबिरीत तरी असू द्या."

वडील थांबले. त्यांनी स्वतःच खिळा ठोकला. चौकोन तिरका आहे तो त्यामुळे.

फोटो खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. ही समजूत जवळजवळ फोटोएवढीच जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने आपली युक्ती जगापुढे मांडली. दोन दशकांच्या आत ती मुंबईत रुळलीही होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कारभारी मंडळींत होते. या नव्या यंत्राविषयी आपल्या लोकांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे हे यंत्र जे आहे तेच दाखवते. आणि दुसरी, ते माणसातले काहीतरी काढून घेते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फोटोग्राफीचा धंदा करत होते. फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य कमी होते या समजुतीमुळे बडोद्यात त्यांचे गिऱ्हाईक तुटले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आपण या समजुतीला हसतो. मी मात्र हल्ली तितक्या मोठ्याने हसत नाही. यंत्र काहीतरी काढून घेते हे त्या भाबड्या माणसांना कळले होते. फक्त ते नेमके काय, हे त्यांना सांगता आले नाही.

आमच्या शेजारचे अक्कलकोट घ्या. स्वामी समर्थांचा फोटो महाराष्ट्रात ज्या घरी नाही असे घर शोधावे लागेल. त्या फोटोविषयी एक कथा सांगतात, की कोडॅक कंपनीच्या साहेबाने अक्कलकोटला येऊन तो काढला. मलाही ती लहानपणी एका गुरुजींनी सांगितली होती आणि हल्ली ती रोज सकाळी कुणी ना कुणी माझ्या मोबाइलवर पाठवते. स्वामींनी देह ठेवला १८७८ साली. कोडॅक हे नाव आणि तो कॅमेरा बाजारात आला १८८८ साली. मधे दहा वर्षे आहेत! श्रद्धेला मी हात लावत नाही. हा प्रश्न तारखांचा आहे. ज्या काळात तो फोटो निघाला त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून काच धुऊन मोकळे व्हायचे, अशी पद्धत होती. म्हणजे काळोखी खोली किंवा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा, पाणी, एवढा प्रपंच घेऊन कुणीतरी खटपट्या माणूस स्वामींपुढे उभा राहिला असणार. त्या माणसाचे नाव आपण पुसले आणि तिथे कंपनीचे नाव रंगवले. माझ्या आत्याच्या कपाळावर ज्या सहजतेने कुंकू आले, त्याच सहजतेने.

आणि तुकोबा? डोळे मिटून तुकाराम महाराज आठवा. जो चेहरा आठवला तो बहुधा विष्णुपंत पागनीसांचा आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, आणि त्यानंतर पागनीसांचा फोटो तुकोबा म्हणून देव्हाऱ्यात जाऊन बसला. तुकोबांच्या काळी कॅमेरा नव्हता, म्हणून कॅमेऱ्याने तीनशे वर्षे मागे जाऊन त्यांना चेहरा दिला. यात वाईट काही झाले असे मला म्हणवत नाही. पागनीसांनी ती भूमिका अशी जगली, की त्या चेहऱ्यापुढे हात जोडले जातात. पण ज्याचा खरा फोटो उपलब्ध आहे त्याच्या बाबतीतही असेच झाले तर?

आमच्या सोलापुरात ते झालेले आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावात जन्मले. मुंबईला डॉक्टर झाले. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने चीन होरपळत असताना काँग्रेसने जे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले त्यात ते गेले. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, त्यांना मुलगा झाला, आणि मुलगा चार महिन्यांचाही नसताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चार वर्षांत ते एकदाही घरी आले नाहीत. सोलापूरच्या घराला ते दिसले ते पत्रांतून आणि फोटोंतून.

मग १९४६ साली शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट आला. कोटणिसांचे काम बापूंनी स्वतःच केले. आता गंमत पाहा, कोटणिसांच्या वडिलांचे नावही शांताराम! मी तो बोलपट शाळकरी वयात, जुना झाल्यावर, एका खेळाला पाहिला. थिएटरात बसलेली निम्मी माणसे कोटणिसांच्या गावची म्हणून ताठ बसली होती, आणि शेवटी तीच डोळे पुसत बाहेर पडली. कोटणीस म्हणजे पडद्यावरचा तो चेहरा, हे माझ्या मनात असे पक्के बसले, की पुढे कधीतरी चिनी सैन्याच्या गणवेशातला त्यांचा खरा फोटो पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा: हे काही कोटणीस नव्हेत!

तिकडे चीनमध्ये १९८२ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे निघाली. तिकडच्या साध्या माणसाच्या मनात कोटणीस आहेत ते आपल्या खऱ्या चेहऱ्यासकट. ज्या गावात ते जन्मले, खेळले, त्या गावात मात्र माझ्यासारखे पुष्कळ लोक त्यांना बोलपटातल्या नटाच्या चेहऱ्याने ओळखतात. भय्या चौकाजवळ त्यांचे स्मारक आहे. तिथे मी नातवाला घेऊन गेलो होतो. फोटो बघून तो म्हणाला, "आजोबा, हे तर अगदी साधे दिसतात." त्याने तो बोलपट पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला ते दिसले. मला दिसायला पन्नास वर्षे लागली.

विषय सोलापूरचा निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आमचे गाव जॅकार्डचे. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्या यंत्राने उठते हे ती पांघरणाऱ्यांना ठाऊक नसते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या माथ्यावर फिरते. भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि त्या उचलण्या-राहण्यातून फूल, मोर, वेल तयार होते. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांपैकी काहींनी याच हिशेबाने माणसांचे चेहरे विणले. भिंतीवर टांगायच्या कापडात पुढारी, देव, संत. एका विणकराच्या घरी मी हे काम पाहिले आहे. पुढ्यात फोटो ठेवलेला. त्यावरून चौकटीच्या कागदावर एकेक घर काळे करत नेलेले. भुवईला किती घरे, नाकपुडीच्या सावलीला किती घरे, याचा हिशेब तो तेलुगूत पुटपुटत होता. मी विचारले, "सगळ्यांत अवघड काय?" तर मराठीत म्हणाला, "डोळ्यातला पांढरा ठिपका, साहेब. एक दोरा चुकला की माणूस मेलेला दिसतो."

फ्रान्समध्ये ल्योंला खुद्द जॅकार्डसाहेबाचे असेच एक विणलेले चित्र तयार झाले होते. त्याला चोवीस हजारांच्या आसपास पुठ्ठे लागले. साल कोणते? १८३९. म्हणजे ज्या वर्षी दागेरने चेहरा उजेडाकडून काढून घेतला, त्याच वर्षी विणकरांनी तो दोऱ्याने काढून दाखवला. आणि आज आपल्या खिशातल्या मोबाइलमधला फोटो तरी दुसरे काय आहे? घरे घरे पाडलेला कागदच! प्रत्येक घरात एक आकडा. आमच्या विणकराला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

असो. हे झाले थोरामोठ्यांचे. मध्यमवर्गीय घरात फोटोने खरी उलथापालथ केली ती लग्नाच्या बाजारात. 'पत्रिका व फोटो पाठवावा' या चार शब्दांनी किती मुलींच्या झोपा उडाल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पूर्वी मुलगी पाहायला येत, निदान समोर बसत. चहाचा कप घेताना तिचा हात थरथरला की एखाद्या सहृदय सासूला तो दिसे. फोटोत हात थरथरत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा फोटो रिटच करून इतका गोरा केला होता, की ज्या स्थळाने पसंती कळवली त्यांनी ती समोर आल्यावर "थोरलीला बोलवा ना" म्हटले. थोरली कुणी नव्हतीच. ती मुलगी पुढे शिकली, प्राध्यापिका झाली. पण घरात कुणी कॅमेरा काढला की आजही ती उठून पाणी आणायला आत जाते.

आणि आता लग्ने लागतात ती फोटोसाठीच. गेल्या वर्षी एका लग्नाला गेलो होतो. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि कॅमेरेवाला ओरडला, "थांबा, थांबा, परत एकदा धरा!" गुरुजींनी अंतरपाट परत धरला. नवरानवरीने एकमेकांकडे दुसऱ्यांदा पहिल्यांदा पाहिले. मी गुरुजींना नंतर हळूच विचारले, "कुठला मुहूर्त खरा धरायचा?" ते हसले. "अल्बममध्ये येईल तो."

आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याला हेच. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज तोलत नेतात. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. एका कुंभारकन्येला सिद्धेश्वरांशी लग्न करायचे होते, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करण्याची अनुमती दिली, ही त्यामागची कथा. म्हणजे हे लग्न मुळातच माणसाशी नव्हे, त्याच्या खुणेशी आहे. माझ्या लहानपणी त्या क्षणी आकाश अक्षतांनी पिवळे होई. गेल्या खेपेला मी मुद्दाम माणसांचे हात पाहत होतो. उजव्या हातात मोबाइल उंच धरलेला, आणि अक्षता डाव्या मुठीत. संमती झाली. मोबाइल हलू नये म्हणून निम्म्या लोकांनी अक्षता टाकल्याच नाहीत! माझ्या शेजारी एक बाई होत्या. गर्दी पांगायला लागली तेव्हा त्यांनी मूठ उघडून पाहिली, घामाने चिकटलेले ते दाणे त्यांना दिसले आणि त्या ओशाळल्या. मग तिथल्या तिथे, सोहळा आटोपून गेलेल्या त्या कट्ट्याच्या दिशेने त्यांनी ते टाकले. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. मला मात्र गड्ड्याचा तेवढाच क्षण आठवतो.

याच होम मैदानावर माझ्या लहानपणी फोटोची राहुटी लागे. आत पडद्यावर रंगवलेले विमान, पुढे पुठ्ठ्याची खिडकी. चार आण्यांचे गणित जुळले की आम्ही त्या खिडकीतून तोंड काढून हवेत उडत असू. तोही खोटाच फोटो. पण त्यात आणि आत्याच्या कुंकवात एक फरक होता: विमान खोटे आहे हे आम्हांला ठाऊक होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ज्याला कडेवर घेऊन आत्या त्या फोटोत उभी राहिली, तो माझा धाकटा भाऊ आता पुण्यात असतो, निवृत्त झाला आहे. आत्या गेली तेव्हा तो दहाव्या वर्षात होता. म्हणजे त्याला ती नीट आठवायला हवी. गेल्या वर्षी तो आला असता त्याच्या मुलीने भिंतीवरच्या आत्याचा मोबाइलवर फोटो घेतला, काहीतरी दोन-चार ठिकाणी बोट लावले आणि म्हणाली, "काका, बघा." मी पाहिले. आत्याने पापणी लववली. मान जराशी वळवली. आणि हसली. दात दाखवून, मोकळी हसली.

भाऊ ढसाढसा रडला. "अगदी अशीच हसायची रे!" म्हणाला.

मी म्हटले, "वरचा एक दात नव्हता तिला. पदर तोंडाशी घेऊन हसायची. एकदाही तिचे दात कुणी पाहिले नाहीत."

"दात होता," तो म्हणाला. "आणि कुंकू लावायची. संध्याकाळी दिवा लावताना तिचं कुंकू मला अजून दिसतं."

त्याला मी सगळी हकीकत सांगितली. स्टुडिओची, आईच्या बोलण्याची. त्याने ती ऐकून घेतली, जशी आपण म्हाताऱ्या माणसाची चूक ऐकून घेतो. त्याला लहानपणापासून रोज दिसली ती भिंतीवरची आत्या. हाडामांसाची आत्या नऊ वर्षे दिसली, भिंतीवरची पन्नास. पन्नासांनी नवांना गिळले, यात त्याचा काय दोष?

रोलां बार्थ नावाचा एक फ्रेंच लेखक होता. १९७७ साली त्याची आई गेली. तिचे जुने फोटो चाळताना एकाही फोटोत त्याला ती सापडेना. शेवटी सापडली ती १८९८ सालच्या एका फोटोत, पाच वर्षांची असताना, म्हणजे त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची. १९८० साली त्याने फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिले, त्यात पुष्कळ फोटो छापले. पण तो एक मात्र छापला नाही. परक्यांना त्यात काही दिसणार नाही, असे त्याला वाटले. हे वाचले तेव्हा मला तो माणूस आमच्याच वाड्यातला वाटला.

भावाला हसण्याचे सोडून द्यावे असे मी मनाशी ठरवले. पण त्या रात्री मी एक परीक्षा घेतली, माझी स्वतःची. आत्याचा दात उजवीकडचा नव्हता की डावीकडचा? आठवेना. तिची रोजची साडी कोणत्या रंगाची? उत्तर तत्काळ आले: हिरवी. आणि मग मी अंथरुणात उठून बसलो. विधवा बाई, तेव्हाच्या सोलापुरात, आमच्या घरात, हिरवी साडी? हिरवी साडी तसबिरीतली आहे. त्या माणसाने ती रंगवली. कुंकू खोटे हे मला ठाऊक होते म्हणून मी पन्नास वर्षे ऐटीत राहिलो, आणि साडी माझ्या डोळ्यांदेखत बदलली होती.

तर, टेबलावरच्या तसबिरीविषयी. आज दुपारी मागचा खाल्लेला पुठ्ठा काढला. खिळे गंजले होते, एकेक हलक्या हाताने उपसला. पुठ्ठ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी, आणि तिच्या आत, तसबिरीच्या पाठीला पाठ लावून, १९६२ सालचा तो ग्रूप फोटो. तो हरवला असे घरात सगळे समजत होतो. वडिलांनीच ठेवला असणार. खिळा त्यांनी स्वतः ठोकला तो का, हे आता लक्षात येते. आईच्या शब्दाला मान दिला आणि खरा कागद आत ठेवून दिला. पन्नासहून अधिक वर्षे दोन्ही आत्या एकाच चौकटीत होत्या.

कडा पिवळ्या पडल्या आहेत. पण टोकाची ती स्पष्ट दिसते. कपाळ रिकामे. साडीचा रंग अर्थातच कळत नाही, कसलातरी राखी. ओठ मिटलेले, त्यामुळे दाताचा निकालही लागत नाही. डाव्या कडेवर मूल आहे. मूल नेमके त्या क्षणी हलले असावे, कारण त्याचा चेहरा उमटलेलाच नाही. नुसता पांढुरका फरकाटा. बाकी सगळी माणसे कॅमेऱ्याकडे पाहताहेत, मीसुद्धा, मुंडलेल्या डोक्याचा. आत्या त्या फरकाट्याकडे पाहते आहे.

भाऊ पाडव्याला येणार आहे. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, की भिंत पुसून झाली, तसबीर कधी लावता. मी म्हटले सुतळी मिळत नाही. नातवाने सुतळी आणून टेबलावर ठेवली आहे.